समुद्रसापावरचं औषध

७ फेब्रुवारी २०११

प्रकल्प बंद! दहा मिनिटांत. कृष्णकांत सर म्हणाले, "किशोरी, औषध चालतंय, मान्य. पण घेणार कोण? होडीवरचे कोळी?" ते आमच्या कंपनीचे संशोधनप्रमुख. माणूस वाईट नाही.

बाजारातलं सापाचं इंजेक्शन समुद्रसापाच्या विषाला लागू पडत नाही. आमचं पडलं — उंदरांवर तरी. तीन वर्षं घालवली त्यात.

"हे काम सरकारचं. आपण धंदा करतो."

आणि मी काय बोलले? "बरं सर."

८ फेब्रुवारी

आमचे दोन्ही घोडे परत नागाच्या विषाच्या कामाला लावले. त्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्याच रक्तातून औषध निघत होतं. आज नुसती बघत उभी राहिले.

१३ फेब्रुवारी

मोरा बंदरावर गेले. काशीराम जेट्टीवर जाळं शिवत बसला होता. माझे सगळे साप त्यानेच दिलेले. डोल जाळीत मासळीबरोबर येतात. बाकीचे शेपटीला धरून भिरकावतात, हा माझ्यासाठी जिवंत ठेवायचा. त्याचा भाऊ गणू सापानेच गेला, म्हणून. एक पैसा कधी घेतला नाही.

सांगितलं — बंद झालं. हातातला टाका पुरा केला. मग म्हणाला, "कंपनी नाय तं सरकार करंल. आमी काय सरकारचं नाय?"

त्याच्या बायकोने, शांतीने, चहा आणला. खाली मान घालून प्यायले.

२ मार्च

दिल्लीला, सरकारच्या संशोधन खात्याकडे, प्रस्ताव पाठवला. स्वतःच्या नावाने. सरांना सांगितलं नाही.

१९ मे

दिल्लीहून फोन! साहेब अगदी गोड बोलले. "मॅडम, काम चांगलं आहे. पण निम्मा खर्च उचलणारी कंपनी आणा. आणि समुद्रसापाने माणूस दगावल्याची नोंद कुठे आहे? आमच्याकडे एकही नाही."

एकही नाही. गणूच्या दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलंय. मला हे तीन वर्षं माहीत आहे. तेव्हाच हॉस्पिटलात जाऊन भांडायला हवं होतं. पण मला तेव्हा साप हवे होते, कागद नको होते.

२० मे

सरांना विचारलं — निम्माच खर्च, सर. "वर विचारतो," म्हणाले. नाही विचारणार. कंपनी सरकारकडे बोट दाखवते, सरकार कंपनीकडे.

९ सप्टेंबर

सकाळी शांतीचा फोन. "ताई, यांना डसलाय. डोळं उघडत नाय."

पनवेलच्या हॉस्पिटलात गाठलं त्यांना. काशीरामच्या पापण्या मिटलेल्या, जबडा आवळलेला. घशात नळी घालून मशीनवर श्वास चालू. डॉक्टरांनी नेहमीच्या इंजेक्शनच्या दहा बाटल्या दिल्या. त्यांच्याकडे दुसरं होतंच काय?

आमच्या फ्रीजरमध्ये चार बाटल्या पडून आहेत. माणसावर कधी न वापरलेल्या. देता येत नाहीत. बरोबरच आहे ते. पण दिवसभर डोळ्यांपुढे त्याच चार.

माणसांवरच्या चाचण्या याच वर्षी सुरू व्हायच्या होत्या.

१० सप्टेंबर

लघवी चहासारखी काळपट. आता किडनी जाणार. शांतीने विचारलं, "तुमचं औषध झालं का वो ताई?" नाही म्हटलं.

११ सप्टेंबर

गेला. सकाळी नऊला.

डॉक्टर दाखला लिहीत होते तेव्हा टेबलाशी उभी राहिले. हटले नाही. कारणाच्या रकान्यात 'समुद्रसर्पदंश' लिहून घेतलं. अक्षर न् अक्षर तपासून.

२६ सप्टेंबर

शांतीला विचारून दाखल्याची प्रत दिल्लीला पाठवली होती. आज साहेबांचा फोन. "आता केस मजबूत झाली, मॅडम! पुढच्या बैठकीत घेतो. कंपनीची अटही काढता येईल बहुतेक."

मला आनंद झाला. क्षणभर का होईना — झाला. इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःशीच नाकबूल करीन.

२ ऑक्टोबर

मोऱ्याला जाऊन शांतीला बातमी दिली. म्हटलं, जाळ्यात हात घालताना डसला असेल ना, दिसला नसेल त्याला.

"नाय ताई. जाळं कवाच झाडून झालं व्हतं. जिता ठेवायला पिंपात टाकत व्हते, तवा डसला. म्हनले, सरकारनं काम सुरू केलं तं ताईला साप लागतील."