दुखलं तर द्यायची गोळी

प्रिय चिमणे,

झोप आणि जाग यांच्या मधल्या दुपारी लिहिते आहे, अक्षर तरंगलं तर चालवून घे. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पहिले दिवस इंजेक्शनच्या गुंगीत मोठे मजेत गेले. खाटेभोवतीचा हिरवा पडदा पंख्याच्या वाऱ्याने फुगायचा आणि वाटायचं, अख्खा वॉर्ड हळूहळू कुठेतरी निघालाय. मी पूर्वीसारखी नर्सच्या कडक इस्त्रीच्या गणवेशात एकेका खाटेवरून हात फिरवत चालले आहे. पाय जमिनीला लागत नव्हते, पण लंगडतही नव्हते. तू लहानपणी माझी टोपी घालून बाहुल्यांचा ताप बघायचीस, ती तूही एकदा पडद्यामागून गेलीस.

मग गुंगी उतरली. डॉक्टरांनी लिहिलं, दुखलं तर गोळी द्यावी. ते विचारायचं कसं, हे मीच तुला शिकवलंय. दारातून नाही, उशी सारखी करताना, रोग्याच्या हाताकडे बघत. तोंड 'नाही' म्हणतं तेव्हा मूठ चादर आवळत असते.

पण बघणार कोण? इथे रोज नवी मुलगी. सकाळी फोन येतो, 'आज या', की धावत येते. उद्या दुसरं हॉस्पिटल. तुझंही असंच आयुष्य. गरजेप्रमाणे बोलावतो, म्हणे! नर्स म्हणजे काय मांडववाल्याच्या खुर्च्या आहेत, लागल्या तेवढ्या आणल्या? कालच्या पोरीला औषधांचं कपाट कुठे आहे ते समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी दाखवलं.

ती दारातूनच म्हणाली, "आजी, दुखत नाही ना?" उत्तर प्रश्नातच घालून दिलेलं. एवढ्या खाटांना ती एकटी, कपाळावर घाम. मला तिच्या जागी तू दिसलीस. म्हटलं, "नाही गं बाई, तू हो पुढे." परवाच्या मुलीलाही हेच, त्याआधीच्या मुलीलाही हेच. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी कुरकुर न करणं असं घोटून घेतलंय, की हाड मोडलं तरी तोंडातून आधी 'थँक यू' निघतं. शेवटी डॉक्टरांनी कागद चाळले, गोळी एकदाही दिलेली नाही. म्हणाले, "वा, आजी खंबीर आहेत!" आणि गोळी बंद केली.

आज सकाळी व्यायामाच्या बाईंनी उभं केलं. पाय टेकला आणि खोली दुधासारखी पांढरी झाली. त्या पांढऱ्यात मी कितीतरी वेळ पोहत होते. डोळे उघडले तर बाई म्हणतात, "मनाची तयारी नाही तुमची. अशाच पडून राहिलात तर कायमची चाकांची खुर्ची." मनाची तयारी! माझी!

गोळी मी आज पुन्हा सुरू करून घेईन, तेवढी जीभ शाबूत आहे. पण उद्या परत नवी मुलगी येईल, दारातून विचारेल, आणि मी 'नाही'च म्हणेन. जन्माची खोड आहे, आता कुठे जाते? तू ये. मी चालायला लागेपर्यंत राहा. बोलावणं आलं तर सांग, जमणार नाही. तुझा रोज बुडेल, पुढच्या वेळी ते दुसरीला बोलावतील, सगळं कळतं मला. तरी ये. दुखतंय गं चिमणे. फार दुखतंय.

तुझीच, वाट बघणारी
मावशी