काकांची ‘भाऊ’ ही हाक

भाऊ, मी वडिलांना, म्हणजे तुम्हाला, ‘भाऊ’ म्हणायचे हे शाळेतल्या नव्या बाईंना सांगितलं की त्या अजून हसतात. आपल्या गावात, इंझोरीत, कुणी हसलं नसतं. आजोबांच्या घरात तुम्ही थोरले आणि काका धाकटे. काका दिवसभर भाऊ, भाऊ करत तुमच्या मागे फिरायचे, आणि रांगत्या वयात माझ्या कानावर तीच हाक पडली. आई सांगायची, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘आई’ नव्हे, ‘भाऊ’, आणि तोही काकांच्या कडेवर बसून. आईला याचा थोडा राग होता. म्हणजे हा शब्द मला तुमच्याकडून मिळालाच नाही. तो काकांनी तुमच्यावर केलेल्या मायेचा शब्द होता, मी तो ऐकून ऐकून उचलला. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज हे सगळं लिहायला बसले, त्याला कारण नववीच्या वर्गातली एक मुलगी आहे.

परवा धड्यात ‘भाऊबंदकी’ हा शब्द आला. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर फोड करून दाखवली. भाऊबंद म्हणजे एका रक्ताचे, एका सुतकाचे लोक. त्यांचं एकमेकांशी जे नातं, ती भाऊबंदकी. माणसाची माणुसकी, तसंच. मग अर्थ लिहून दिला: नात्यातलं भांडण, हेवादावा. कामरगावहून बसने येणारी एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, माणुसकी चांगली राह्यली, मंग भाऊबंदकीच काहून नासली?” वर्ग हसला. मी तिला सांगितलं की शब्द माणसं वापरतील तसे होतात, बस खाली. पंचवीस वर्षं मराठी शिकवून इतकंच उत्तर माझ्याजवळ निघालं. खरं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते फळ्यावर लिहिण्यासारखं नव्हतं.

आजोबांनी वाटणी केली तो दिवस मला लख्ख आठवतो. शेत बरोबर अर्धं केलं, भांडी मांडली, आणि शेवटी दावणीला बांधलेल्या बैलजोडीपाशी सगळे येऊन थांबले. कुणी म्हणालं, जोडी एकाला द्या, दुसऱ्याला गाय आणि कालवड द्या. आजोबांनी ऐकलं नाही. डावा बैल तुम्हाला दिला, उजवा काकांना. “आता जोता एकट्यानं,” म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसले. म्हाताऱ्याचा डाव मला पुढे कळला. एका बैलाने वखर चालत नाही. म्हणजे दर हंगामात एका भावाला दुसऱ्याच्या दारात जावंच लागणार. काही वर्षं तसंच चाललं. चार दिवस जोडी आपल्या शेतात, चार दिवस काकांच्या. सकाळी काका बैल न्यायला यायचे, अंगणातून हाक मारायचे, “भाऊ!” आणि तुम्ही आतूनच म्हणायचात, “ने ना बापा, इचारतं काय?”

मग एका वर्षी पेरणीच्या आधी काकांच्या शेतात आपल्या बैलाच्या पायाला वखराचं पातं लागलं. रक्ताळलेल्या पायाच्या त्या बैलाला काका स्वतः हळूहळू चालवत घेऊन आले. मी ओसरीवर होते. तुम्ही पाय पाहिला आणि म्हणालात, “मुद्दाम मारलं तुनं.” काका म्हणाले, “मुद्दाम? भाऊ, मी?” तुम्ही दुसऱ्यांदा तेच म्हणालात. तुम्हाला ठाऊक होतं की ते खरं नाही. तुमचा चेहराच सांगत होता. पण अंगणात शेजारची चार माणसं जमली होती, आणि त्यांच्यासमोर शब्द मागे घेणं तुमच्याने झालं नाही. काकांनी दावं तुमच्या हातात दिलं आणि गेले. त्या दिवसापासून त्यांनी तुम्हाला हाकच मारली नाही. घरात तुम्हाला भाऊ म्हणणारी मी एकटी उरले.

मग त्या वर्षीचा पोळा आला. गावभरच्या जोड्या तोरणाखाली आल्या, आणि आपल्या घरचा एक बैल इकडून, एक तिकडून. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, आणि शेजारी कुणी नाही. लोक तोंडावर उपरणं धरून हसत होते. मी पाहत होते ते वेगळंच. आपला बैल जन्मभर डावीकडून चालला होता, तो एकटाही डावीकडूनच चालत होता, उजवीकडे एका बैलाची जागा सोडून. तुम्हीही ते पाहिलं, कारण घरी आल्यावर तुम्ही पुरणपोळी खाल्ली नाहीत. पुढच्या महिन्यात तो बैल कारंज्याच्या बाजारात गेला.

आता ते, ज्यासाठी लिहायला बसले. तुमच्या शेवटच्या दुपारी मी उशाशी होते. अकरा वर्षांनी अंगणात हाक आली, “भाऊ!” म्हातारा, फाटका आवाज, तरी तोच. मी ताडकन उठून दारात गेले. आई त्या अबोल्यात झिजून गेली होती, तिच्या मयताला काका दूर बाभळीखाली उभे होते, तो राग माझ्यात भरलेला होता. मी म्हणाले, “झोपले हायेत. आता नका येऊ.” त्यांनी चप्पल काढली होती, ती पुन्हा घातली. “बाई, उठले की सांगशीन नं, मी आलतो म्हनून?” मी हो म्हणून मान हलवली. आत आले तर तुमचे डोळे उघडे. “कोन व्हतं व?” मी म्हणाले, “कोणी नाही. मीच हाक मारली, भाऊ.” हे खोटं मला किती सोपं गेलं! काकांचाच शब्द माझ्या तोंडात होता, तोच मी त्यांच्याविरुद्ध वापरला. दिवस मावळायच्या आत तुम्ही गेलात.

तेव्हापासून ही हाक माझा पिच्छा सोडत नाही. आपल्याकडे कंडक्टर भाऊ, भाजीवाला भाऊ, ऑटोवाला भाऊ. कारंज्याच्या स्टँडवर दहा मिनिटांत दहादा ऐकू येते आणि दरवेळी मला वाटतं की मागे काका चप्पल काढून उभे आहेत. दुपारी रिकाम्या वर्गात वह्या तपासताना तर कुणी नसतानाही येते. मी उठून दारापर्यंत जाते. व्हरांडा मोकळा असतो.

काका आता अंथरुणाला खिळलेत. मागच्या रविवारी मी इंझोरीला गेले होते. त्यांनी माझा हात धरून विचारलं, “बाई, त्या दिवशी भाऊनं आयकला व्हता काय माहा आवाज?” मी म्हणाले, “नाही काका, गाढ झोपले होते.” ते म्हणाले, “बरं झालं. मले वाटे, आयकूनही बोलला नाही.” आणि माझ्या हातावर थोपटत राहिले. माझं खोटं त्यांना दिलासा देत होतं, म्हणून मी ते आणखी घट्ट धरून बसले.

उद्या पुन्हा रविवार आहे, काकांजवळ फार रविवार उरलेले नाहीत. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि ज्यांचा आहे त्या काकांसमोर वाचायची हिंमत नाही. कारण मी त्यांना खरं सांगितलं तर ते पुढचं विचारतील, आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मीच हाक मारली म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, “अजून एक बार मार.” मी मारली. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत, मग ‘ही ती नाही’ अशी मान हलवलीत, आणि तोंड भिंतीकडे केलंत.