आधी कुणाला?

४ एप्रिल २०१६

पुन्हा तेच! सरावाचा पेपर, आणि 'आधी कुणाला बघाल?' ह्या भागात मी सपशेल आडवी. औषधांचे डोस बरोबर, इंजेक्शनं बरोबर, सलाइनचे थेंब बरोबर. चार पेशंट समोर ठेवून एक निवड म्हटलं की माझं घोडं पेंड खातं.

क्लासच्या युसूफ सरांनी पेपर दोन बोटांत धरून दिला, मेलेला उंदीर धरावा तसा. "शालू, आखातात नर्सची नोकरी पाहिजे ना? ह्या भागात गेलीस तर परवाना गेला. बघ बाई."

एकदा आपटलेच आहे. ह्या खेपेला आपटले तर आखातातली जागा दुसरीला जाणार आणि मी ह्याच दवाखान्यात, कॅज्युअल्टीच्या टेबलाशी म्हातारी होणार.

नाही होणार!

७ एप्रिल

झेबाच्या घरी अभ्यास. शहागंजात खाली तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान, वर घर. ही माझी मैत्रीण पहिल्याच झटक्यात पास झालेली, त्यामुळे माझ्यावर ओरडायचा हक्क तिचाच. आज तिनं माझी सगळी चुकलेली उत्तरं ओळीनं वाचली आणि पोट धरून हसायला लागली.

"अगे, तू हर बार उसीकू पकडती, जो पहिले आया!"

खरंच की! छातीत कळ आलेला माणूस शेवटी आला, तर मी त्याला शेवटीच ठेवते. बोट कापलेला आधी आला, तर तो आधी.

हे येतं कुठून ते मला माहीत आहे. हर्सूलला माझ्या खोलीच्या गल्लीत टँकर येतो. जिचा हंडा पहिला तिचं पाणी पहिलं, मग ती नगरसेवकाची भावजय असो नाहीतर धुणीभांडी करणारी. रांग मोडली की झिंज्या उपटल्याच! मागच्या आठवड्यात एकीनं पुढं घुसवलेला हंडा मीच उचलून मागं नेऊन ठेवला आणि वर तिला चार शब्द सुनावले. सगळ्या बायका माझ्या बाजूनं. किती मिरवले मी त्या दिवशी! ह्या दुष्काळानं एवढा एकच न्याय शिकवला, आणि मी तोच पेपरात लिहून येते.

"दवाखाने में हंडे नक्को लगा," झेबा म्हणाली.

८ एप्रिल

सरांना सांगितलं. वाटलं हसतील. हसले नाहीत.

"रांग भांडण टाळायला ठीक आहे," म्हणाले. "तू एवढंच विचार — ह्यातला कोण थांबू शकतो? आणि ओरडणाऱ्याला घाबरू नकोस. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प पडलाय त्याच्याकडं आधी जा."

१९ एप्रिल

आज बरीच उत्तरं बरोबर! कागदावर सोपं आहे म्हणा. कागदावरचा पेशंट शिव्या देत नाही.

२७ एप्रिल

आजचं आजच लिहिणार.

दुपारी कॅज्युअल्टी गच्च. डॉक्टर आत टाके घालत होते, बाहेर मी एकटी. पुढंच एक जण मशीनमध्ये सापडलेलं बोट धरून बोंबलत होता. त्याच्यामागं तापाची पोरं, उलट्या, एक आजोबा. सगळ्यात शेवटी एका मुकादमानं मजुराला आणून भिंतीला टेकवलं. पुंजाराम नाव त्याचं, बीड बायपासवरच्या नव्या इमारतीवर कामाला. गप्प होता. मुकादमाचं म्हणणं, "काय नाय ओ, ऊन लागलंय. बसू द्या जरा."

मी त्याच्याकडं गेले. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही! नाव विचारलं तर बैलाला हाकायला लागला. भर दवाखान्यात, डोळे अर्धे मिटून — हर्र हर्र!

हा थांबू शकत नाही.

"ह्याला आत घ्या!" मी ओरडले. आणि उसळली की सगळी रांग! "आम्ही सकाळपून बसलोत इथं!" "व्हय, लई शहाणी!" बोटवाल्यानं तर माझ्या खानदानाचा उद्धार केला. मुकादम पुंजारामच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावायला निघाला, तो मी हिसकावला. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजलं की ते छातीत जातं. म्हणजे भर दुष्काळात मी एका तहानलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी काढलं, आणि तेच पाणी त्याच्या अंगावर ओतलं. पाठोपाठ स्टाफसाठी भरून ठेवलेल्या बादल्या! फरशीवर पाणी वाहायला लागलं. एक बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "पाप लागंल गं तुला!"

पंखा लावला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवला. डॉक्टर धावत आले.

"कुणी ओतलं एवढं पाणी?"

"मी."

"आणखी आणा!"

संध्याकाळी पुंजारामनं स्वतःचं नाव सांगितलं. गावाचं सांगितलं. बायकोचं सांगताना लाजला! मला एवढा आनंद झाला की मी साठवणीच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. बोटवाल्याचं बोटही शाबूत आहे. शिव्या मात्र अजून देतो.

१६ मे

पुण्यात परीक्षा, कॉम्प्युटरवर; निकालही तिथंच. तो भाग आला तेव्हा मनात एकही हंडा नव्हता.

पास!! पास! पास!

झेबा फोनवर किंचाळली, तिचे अब्बा मागून "मुबारक" म्हणत होते. मग आबांना लावला. बाप माझा खुलताबादच्या माळावर, मेंढरांमागं.

"पास म्हंजे? डाक्टर झालीस का?"

"नाही आबा, नर्सच."

"मंग आधी काय व्हतीस?"

फोन कटला तरी मी हसतेच आहे. बघेन कधी समजावता आलं तर.

२९ मे

आबांना टेम्पोत घालून आणलं. दरडीवरून घसरले, नडगी मोडली. सोबत आई. मला बघताच ओरडायला लागले, "शाले! आगं शाले!" मी पाय बघितला. बोटं गरम, नाडी लागत होती. मागं बाकावर एक गरोदर बाई, तोंड सुजलेलं, गप्प. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. दाब बघितला, भलताच चढलेला, आणि तिला आत घेतलं. आबांना म्हटलं, थांबा. आई त्यांना पदरानं वारा घालत बसली.

बाई वाचली, बाळही. आबांना प्लास्टर झालं. मी जवळ गेले की तोंड फिरवायचे. संध्याकाळी पडद्याआडून ऐकलं, शेजारच्या खाटेवरच्याला सांगत होते, "ती माझी पोरगी. तिनं मलाबी थांबीवलं!"