निबंधात मेलेल्या आजीचे मृत्युपत्र

गेल्या महिन्याच्या २८ तारखेला, जेवणाच्या टेबलावर, मी मेले असल्याचे मला कळले. म्हणून हे लिहावे लागत आहे.

माझी नात कॅमिल हिला थॉर्नबरी कॉलेजात प्रवेश मिळाला. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, लायनेलने, ते पत्र मोठ्या आवाजात वाचायला घेतले. छापील मजकुराखाली प्रवेश समितीतल्या कोणी निळ्या शाईत लिहिले होते, ‘तुझ्या दिवंगत आजीवरचा निबंध वाचून आम्हा सर्वांचे डोळे भरून आले.’ ‘दिवंगत’पाशी लायनेलची जीभ अडली. कॅमिलला दोन आज्या. दुसरी ह्यूस्टनला असते आणि तिने त्याच सकाळी फोनवर माझ्याशी पाऊण तास वाद घातला होता. तेव्हा दिवंगत ती मीच.

सबब मी, व्हर्डेल रूथ प्युरिफॉय, वय ७३, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार पाइन ब्लफ, आर्कान्सा, असे जाहीर करते की मी हयात आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर मला वाचता येतो. हे मी कोणाच्या दडपणाखाली नव्हे, रागाच्या भरात लिहीत आहे. राग म्हणजे दडपण नव्हे, असे माझे वकील होझिया गेन्स यांनी मला स्पष्ट केले आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

त्या निबंधाची प्रत मी मागून घेतली. साडेसहाशे शब्द. त्यात मी कापूस वेचते. मला लिहितावाचता येत नाही, सहीच्या जागी फुली मारते. फेब्रुवारीत कॅमिलचा हात धरून ‘जा बाळा, त्या दारातून आत जा’ असे म्हणत मी प्राण सोडते. कापूस माझ्या आईने वेचला, आणि तिने बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचले. आमच्यात फुली मारणारे शेवटचे गृहस्थ माझे पणजोबा, आणि तेही साठाव्या वर्षी नाव लिहायला शिकले. मी १९७३ साली रसायनशास्त्राची पदवी घेतली, ती याच थॉर्नबरी कॉलेजातून. आणि मी कोणालाही बाळा म्हणत नाही.

त्या संध्याकाळचे बोलणे येथे नोंदवते, कारण पुढची कलमे त्यातून निघाली आहेत.

“आज्जी, ऐक तरी.”

“मेलेली बाई ऐकत नसते.”

“अर्जातल्या वंशाच्या चौकटीवर पडदा टाकलाय गं त्यांनी! मी काळी आहे अशी खूण केली तरी वाचणाऱ्याला ती दिसत नाही. मी कोण ते सांगायची एकच जागा उरली, निबंध. तिथे काय लिहू? माझी आजी शहराच्या पाण्यातला क्लोरीन मोजायची?”

“का नाही? एकतीस वर्षं मोजला. अख्खं गाव ते पाणी प्यायलं.”

“त्यावर कोण रडणार?”

“रडवल्यावर प्रवेश देतात?”

“हो, आज्जी. आता तसाच देतात. रंग बघायचा नाही म्हणतात, पण जखम दाखव म्हणतात. मिस्टर कीन म्हणाले, तुझी गोष्ट फार नीटनेटकी आहे, जरा रक्त येऊ दे.”

मिस्टर ब्रॅडली कीन म्हणजे लायनेलने लावलेले प्रवेश-सल्लागार.

लायनेल मध्ये पडला. “आई, मिळालंय ना पोरीला? सोड आता. गोऱ्यांची पोरं काय खरं लिहितात? आठवडाभर परदेशात जाऊन अर्धी विहीर खणतात आणि आयुष्य बदललं म्हणून लिहितात.”

“ती आपल्या आज्या तरी जिवंत ठेवतात.”

तेव्हा कॅमिल रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. हा तिचा गुण आहे. “मी तुला तीनदा विचारलं. तिथे तुझ्याशी कशा वागल्या त्या मुली, तू एकटी काय करायचीस, विचारलं ना? तू म्हणालीस, बटाटे सोल. तुझी गोष्ट तू मला दिलीच नाहीस. मग मी दुसरीची आणली.”

मी उठून भांडी घासली.

कलम पहिले : अंत्यविधी. एकदा माझा शोक करून झालेला आहे, दुसऱ्यांदा बेताने करावा. माझा जीवनपरिचय मी स्वतः लिहून पास्टरकडे दिला आहे. त्यात कापूस नाही. तो निबंध चर्चमध्ये वाचू नये. मिस्टर कीन आल्यास त्यांना मागच्या बाकावर बसू द्यावे. त्यांनी मला एकदा मारलेले आहे, खरी वेळ बघायला हरकत नाही. याखेरीज त्यांना माझ्याकडून काही नाही.

कलम दुसरे : माझ्या चर्चच्या टोप्या, नग अठ्ठावीस. भगिनी मंडळातल्या बायकांनी वयाच्या क्रमाने एकेक निवडावी. जांभळ्या, पीस लावलेल्या टोपीवर शेजारीण अर्लीन बूकर हिचा वीस वर्षांपासून डोळा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितल्यावर मी तिलाच साक्षीदार केले.

कलम तिसरे : थॉर्नबरी कॉलेजची १९७० ची माहितीपुस्तिका, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. आमच्या वर्गात आम्ही पाच काळ्या मुली होतो. फोटोग्राफर आला. मला कारंज्यापाशी माझ्या तपकिरी कोटात उभे केले. मग म्हणाला, “हा उतरवा, त्या मुलीचा लाल घाला, आणि जरा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर या.” पान चारवर मी आहे, पान अकरावरही मीच आहे. बघणाऱ्याने दोन मोजाव्या अशी व्यवस्था. चार वर्षांत मला सात कोट घालायला लावले. यंदा पहिल्या वर्षात काळ्या मुली निम्म्यावर आल्या, म्हणून त्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी कार्यालयाने याच महिन्यात मला लिहिले की प्रदर्शनासाठी आपली जुनी छायाचित्रे पाठवावीत. म्हणजे त्यांच्या एका खणात मी जिवंत आहे आणि दुसऱ्यात मेलेली. छायाचित्रे त्यांना मिळणार नाहीत. पुस्तिका कॅमिलला. खोटे निबंध फक्त मुलेच लिहितात असे तिला वाटू नये.

कलम चौथे हे देण्याघेण्याचे नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दोन वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रवेश देताना वंश मोजू नये. १९६९ मध्ये कोणीतरी माझा रंग बघून मला आत घेतले, हे मी जाणते. मी दुसऱ्या कोणाची तरी जागा घेतली, असे मला तेव्हापासून आजपर्यंत सभ्य भाषेत ऐकवण्यात आले. ती जिची होती तिने येऊन मागावी. चार वर्षे बसून मी ती झिजवली आहे आणि रसायनशास्त्रात वर्गात दुसरी आले आहे. त्याच प्रवेश-अर्जात आणखी एक रकाना असतो. तुमच्या घरातले कोण येथे शिकले? पणजी, आजी, मावशी असलेल्यांसाठी तो शंभर वर्षे उघडा होता, आणि थॉर्नबरीत आजही उघडा आहे. त्यात लिहिण्याजोगे नाव आमच्या घरात आत्ता कुठे तयार झाले होते. कॅमिलने तो कोरा सोडला. सोडावाच लागला, कारण फुली मारणाऱ्या आजीला पदवी कुठून असणार? खरे सांगायचे तर तो रकाना मला मुळातच मान्य नाही आणि तिने विचारले असते तर मी नको म्हटले असते. पण नको म्हणण्याचा हक्क माझा होता.

कलम पाचवे : बँकेतली शिल्लक. ती काळ्या मुलींच्या विज्ञानशिक्षणासाठी ठेवावी, असे मी सांगितले. गेन्स वकील चष्मा काढून म्हणाले, “मिस व्हर्डेल, असे शब्द घातले तर उद्या कोणीतरी कोर्टात उभा राहील.”

“मग कसे घालू?”

“वंश लिहू नका. रस्ते लिहा.”

म्हणून रस्ते लिहिते. आमच्या चर्चपासून रेल्वेच्या रुळांपर्यंतच्या सहा रस्त्यांवर राहणाऱ्या कोणत्याही मुलीस ही मदत मिळावी. रस्त्यांना रंग नसतो असे कायदा म्हणतो. आमच्या गावात असतो. त्या सहा रस्त्यांवर एखादी गोरी मुलगी राहायला आली तर तिलाही द्यावे, मी स्वतः तिच्यासाठी केक घेऊन गेले असते. अर्जासोबत निबंध मागू नये. प्रयोगवहीचे एक पान मागावे, ज्यात मुलीने एक चूक केली आहे आणि ती स्वतः शोधली आहे.

कलम सहावे : लायनेल यास गाडी आणि माझी क्षमा. गाडीला नवी बॅटरी लागेल.

कलम सातवे : घर. घर कॅमिलचे. येथे वकिलांनी एक अट सुचवली. कॉलेजला खरे कळवले तरच घर तिला मिळावे, नाहीतर चर्चला. कॉलेजला होकार कळवण्याची शेवटची तारीख एक मे आहे, तोवर पोरगी सरळ होईल, असे त्यांचे म्हणणे. मी नाही म्हटले. अट घालून वदवलेले खरे माझे होईल, तिचे होणार नाही. आयुष्यभर मला लोकांनी दारे उघडली ती अटींवर उघडली. शांत राहा, हसतमुख राहा, कोट बदला. माझे दार मी तसे उघडणार नाही. घर तिचे, बिनशर्त, ती मेलेल्या बाईच्या चिठ्ठीवर तिकडे गेली तरीही. कॉलेजला मीही काही कळवणार नाही. तिने बरोबर केले असे मला वाटते म्हणून नव्हे. प्रश्न चुकीचा विचारणाऱ्यांपुढे माझ्या नातीला मी स्वतः उभी करणार नाही. ती आपल्या पायांनी गेली तर गोष्ट वेगळी.

कलम आठवे : देणे. कॅमिलचे एक माझ्याकडेही निघते. ते कोणाला देऊन जाता येत नाही, ते मीच फेडायचे आहे.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी होझिया गेन्स यांना नेमते. वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला आणि सही केली. पूर्ण नावाने.

व्हर्डेल रूथ प्युरिफॉय
पाइन ब्लफ, आर्कान्सा
२९ एप्रिल २०२५

आमच्या समक्ष सही झाली :
अर्लीन बूकर (टोपीबाबतचा मजकूर वाचला, नापसंती नोंदवावी)
थॅडियस मोझली, चर्चचे डीकन

हस्तांतराची नोंद, त्याच दिवशी, संध्याकाळी

सह्या चालू असताना कॅमिल आत आली. साक्षीदार आणि वकील हजर होते. पुढील वस्तू हातोहात दिल्या-घेतल्या.

कॅमिलकडून मला : तिने थॉर्नबरीच्या प्रवेश समितीला लिहिलेल्या पत्राची प्रत, दोन पाने. आजी हयात आहे, तुमच्याच कॉलेजची पदवीधर आहे, निबंधातला मृत्यू आणि फुली मी रचली, जागा काढून घ्यायची तर घ्या, पण आज्जीसारख्या बाईवर तुम्हाला रडू आले नसते असे मला वाटले आणि अजूनही वाटते, असा मजकूर. शेवटचे वाक्य उद्धट आहे. मी ते बदलायला सांगितले नाही.

माझ्याकडून कॅमिलला : कॉलेजातल्या माझ्या चार प्रयोगवह्या. त्यांच्या समासांत तिने तीनदा विचारलेले बरेच काही आहे. उरलेले तोंडी सांगायला आम्ही दोन वाजता बसलो, साडेपाचला उठलो. अर्लीन गेली नाही, तिलाही ऐकायचे होते.

पत्राची मूळ प्रत कॅमिलने येथे येण्यापूर्वीच नोंदणीकृत टपालाने रवाना केली होती. कोणी सांगितले, असे मी विचारले. “कोणी नाही,” ती म्हणाली. पावती वकिलांनी पाहिली आणि कागदपत्रांत ठेवण्यासाठी हात पुढे केला. मी थांबवले. पावती कॅमिलकडेच राहील. ती माझ्या मालमत्तेत धरू नये.