दादाचा सिनेमा, माझी कात्री

९ जानेवारी

हसले! नको तिथं हसले!

आज पहिल्यांदा बाहेरच्या माणसांना आमचा सिनेमा दाखवला – दिग्दर्शन दादाचं, संकलन माझं. थिएटर भाड्यानं घेतलं होतं, प्रेक्षक रस्त्यावरून गोळा केलेले, फोन दारात काढून ठेवून आत सोडलेले. आमचे इफेक्ट्स अजून कच्चे. हिरो कोसळता पूल खांद्यावर पेलतो, त्या शॉटमध्ये पुलाच्या जागी नुसता राखाडी ठोकळा, आणि हिरोच्या कमरेची दोरी लख्ख दिसते. तिथं हसले असते तर काही वाटलं नसतं. तिथं तर सगळे डोळे फाडून बघत होते!

हसले हिरोच्या आईच्या प्रसंगात. कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली आणि अख्खी रांग खुसखुसली.

दादा शेजारीच होता. त्यानं माझं मनगट धरलं ते दिवे लागेपर्यंत सोडलं नाही. घरी आले तर मनगटावर वळ.

१० जानेवारी

तो प्रसंग दादानं बाबा गेले त्या वर्षी लिहिला. डोंगर अंगावर घेऊ शकणारा माणूस आजारी आईच्या पलंगाशी बसलाय आणि त्याला काही म्हणजे काही करता येत नाही. संवाद नाही, संगीत नाही. फक्त श्वास. मधे तो तिची मान सावरून उशी उलटी करतो, गार बाजू वर यावी म्हणून. दादा बाबांची उशी अशीच उलटी करायचा. हे मला माहीत, आईला माहीत. बाकी कुणाला माहीत असायचं कारण नाही.

आज निर्मातीबाईंनी कालच्या प्रेक्षकांची मतं वाचून दाखवली. "मधे फार लांबलं." "हॉस्पिटल आलं तेव्हा मी बाहेर फिरून आलो." "हिरो रडका आहे." बाई कधी आवाज चढवत नाहीत. त्याचीच भीती वाटते.

दादा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "प्रेक्षकाला जांभई आली म्हणून मी श्वास काढून टाकू?"

बाईंनी पुढचा कागद उचलला.

१७ जानेवारी

बैठक. मोठं टेबल, त्याहून मोठी माणसं. आज मला पहिल्यांदा कळलं की आम्ही सिनेमा बनवत नाही, तारीख गाठतोय. प्रदर्शनाची तारीख थिएटरवाल्यांकडे केव्हाच धरून ठेवलीय – तेव्हा कथासुद्धा लिहून झाली नव्हती! त्यानंतर दोन आठवड्यांनी दुसऱ्या कंपनीचा असाच बलाढ्य सिनेमा येतोय. म्हणजे मोठे पडदे आपल्याला तेवढेच दिवस.

वितरकांचं म्हणणं साधं. "अडीच तासांच्या आत आणा. दिवसाला एक खेळ जास्त बसतो." एका खेळाला गुणिले सगळी थिएटरं, गुणिले सगळे देश. पुढचा गुणाकार त्यांनी केला नाही, गरजच नव्हती.

मग खेळणीवाल्यांचा माणूस. शेवटी हिरो आपला निळा पोशाख काढून ठेवतो आणि साध्या शर्टात घरी जातो, हे त्याला आजच समजलं. बिचारा पांढराफटक! निळ्या पोशाखातल्या बाहुल्या कारखान्यातून निघाल्यासुद्धा. "शर्टातली बाहुली कोण घेणार, ताई?" मला हसू आलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच – इथं तर पीक यायच्या आधी डाळ भरडून झालीय.

दादाला नाही आलं हसू. कागद गोळा केले आणि उठून गेला. बाईंनी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे जरा जास्त वेळ बघितलं.

२ फेब्रुवारी

दादाला काढलं.

तसं म्हणत नाहीत. "तो थकलाय. विश्रांती देतोय." उरलेलं शूटिंग, नवीन शेवट, सगळं दुसरा माणूस करणार. बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः दार लावलं.

"तू राहा," म्हणाल्या. "फुटेज तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

"तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

मी एवढंच विचारलं, नाव कुणाचं राहणार? म्हणाल्या, त्याचंच. मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या. मग मी हो म्हटलं.

हो म्हटलं!

३ फेब्रुवारी

दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सकाळीच त्याच्या घरी गेले. वहिनीनं दार उघडलं, नुसती मान हलवली. दादा गच्चीत कुंड्यांची माती उकरत बसला होता. झाडं आहेत वहिनीची. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाईंनी मला राहायला सांगितलंय, एवढं सांगितलं मी.

"तू नाही म्हणालीस ना?"

मी सांडलेली माती गोळा करायला लागले.

"अगं, विचारतोय."

"मी नाही म्हटलं तर उद्या त्या खुर्चीत भलतंच कुणी बसेल. मी असले तर निदान—"

"निदान काय? प्रेमानं कापशील?"

वहिनी चहा घेऊन आली होती, तशीच परत फिरली. मी उठले. तो कुंडीकडे बघत म्हणाला, "जाताना दार ओढून घे."

४ फेब्रुवारी

फोन उचलत नाही.

५ फेब्रुवारी

नाही.

२० फेब्रुवारी

नव्या दिग्दर्शकाला मी मनातल्या मनात पाहुणा म्हणते. काल सहायकासमोर तोंडून निघून गेलं, आता सगळं युनिटच म्हणतं. त्यालाही कळलं असावं. आज चहाच्या टेबलाशी म्हणाला, "पाहुण्याला साखर चालते." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिरोनं मधल्या काळात दुसऱ्या सिनेमासाठी दाढी उतरवलीय आणि बारीक झालाय. आता दाढी चिकटवायची आणि पोशाखात कापूस भरायचा. हिरव्या पडद्यासमोर कापूस भरलेला तारणहार दोरीला लोंबकळतोय आणि खालून एक जण ओरडतोय, "सर, इमारत डावीकडे आहे, डावीकडे बघा!"

पाहुणा वाईट असता तर किती बरं झालं असतं! पण नाही. माणूस नीट आहे, काम नीट करतो. मारामारी त्याला दादापेक्षा चांगली जमते. हे मी फक्त इथं लिहितेय.

६ मार्च

ट्रेलर आला. ट्रेलर कापणारी कंपनी वेगळीच, त्यांनी पूर्ण सिनेमा बघितलेलाही नाही. सूर्यास्तासमोर हिरो वळून बघतो, असा एक शॉट आहे त्यात. सिनेमात असला शॉटच नाही! जाहिरातवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "ट्रेलरसाठीच बनवून घेतला. छान आहे ना?" छान आहे. जाहिरातीवर सिनेमाएवढाच पैसा ओतणार म्हणतात. बसवर, दुधाच्या डब्यावर, बँकेच्या कार्डावर, सगळीकडे तो वळून बघणार.

आईला फोनवर दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा बघितला.

"यात दादाचं काय आहे गं?"

"नाव आहे की, शेवटी."

"नाव मीच ठेवलंय त्याचं," आई म्हणाली. "मी काम विचारतेय."

११ मार्च

बाईंचा निरोप – आईचा प्रसंग पूर्ण काढा. पाहुण्यालाही पटत नाही, पण तो बोलणार नाही. पाहुणा कशाला बोलेल?

मी बाईंकडे गेले. म्हटलं, मला थोडा वेळ द्या, छोटा करून दाखवते. नाही आवडला तर काढा. बाई म्हणाल्या, "मिनिटाच्या वर गेला तर मी बघणारसुद्धा नाही."

१२ मार्च

दिवसभर तेच. दार बंद करून बसले. पहिल्यांदा हिरोचं आत येणं कापलं. मग त्याचं बसणं. मग आईचा चेहरा. प्रत्येक वेळी कळ दाबताना वाटत होतं दादा मागे उभा आहे. एकदा तर खरंच मागे वळून बघितलं.

उरलं काय – पूल पेलून आलेले, सोललेले त्याचे दोन हात. उशी उलटी करतात. तिच्या मानेखाली सरकवतात. आणि तिथंच, तिच्या डोक्याचं वजन घेऊन राहतात. त्याचा चेहरा दाखवलाच नाही.

१३ मार्च

सकाळी ताज्या डोळ्यांनी बघितलं.

चांगलं झालंय.

अडचण हीच आहे. छोटं म्हणून चालून जाईल असं नाही – आधीपेक्षा चांगलं झालंय. दादाच्या लांब प्रसंगात मी कायम दादाला बघत होते. यात बाबा दिसले. तोंडावर ओढणी दाबून रडले.

हे त्याला कसं सांगू? वाईट केलं असतं तर माफी मागता आली असती.

२९ मार्च

पुन्हा परके प्रेक्षक, पुन्हा फोन दारात जमा. या वेळी मी भिंतीला टेकून उभी राहिले, मला त्यांचे चेहरे बघायचे होते. हात पडद्यावर आले आणि थिएटर गप्प. चकचकीत बूट घातलेला एक दांडगा माणूस नाक ओढत होता, आणि त्याची बायको त्याच्याकडे अशी बघत होती की जणू आजच ओळख झाली.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे तो प्रसंग."

गाडीत बसेपर्यंत दादाचा मेसेज. दोन महिन्यांत पहिला. कुणी सांगितलं कोण जाणे. "ऐकलं. लोक रडले म्हणे. अभिनंदन."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर!

१८ एप्रिल

इफेक्ट्स अजून येताहेत. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं पूल, धूर, पाणी रंगवताहेत. काल एका शॉटमध्ये हिरोला सावलीच नव्हती. परत पाठवला. तिकडच्या मुलीनं व्हिडिओवर सावली लावून दाखवली आणि विचारलं, "आता झोपू का मी?" तिचा चेहरा बघून सिनेमाच बंद करावासा वाटला.

वितरक मात्र खूश. सिनेमा अडीच तासांच्या आत! हिरो विमानातून या शहरातून त्या शहरात, सगळीकडे तेच हसू, तीच तीन वाक्यं.

शेवट बदललाय. निळा पोशाख शेवटपर्यंत अंगावरच. खेळणीवाल्यानं मला मिठाईचा डबा पाठवला. मी तो ऑफिसच्या पहारेकऱ्याला दिला.

३० एप्रिल

दादा आला!

पहिल्या खेळाला येणार नाही म्हणून सगळे धरून चालले होते. बाईंनी तर "दिग्दर्शकाची प्रकृती बरी नाही" असं वाक्य तयार ठेवलं होतं. आणि हा नवा कोट घालून, वहिनीचा हात धरून लाल गालिच्यावर हजर. कॅमेऱ्यांकडे बघून हसला. मी गर्दीतून वाट काढत जवळ गेले तोवर तो आत.

माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसला होता. मी सिनेमा बघितलाच नाही, त्याची मान बघितली. हात पडद्यावर आले तेव्हा ती मान जराही हलली नाही. वहिनीचं डोकं मात्र खाली गेलं.

नंतर पत्रकारांनी त्याला त्याच प्रसंगाबद्दल विचारलं. दादा म्हणाला, "आधी मी तो लांबलचक केला होता. मग कळलं, कमी दाखवलं की जास्त दिसतं."

मी टाळ्या वाजवल्या. काय करणार? मला वाटलं, तो माझ्याशीच बोलतोय. सगळ्यांच्या देखत, आडून. त्याला सरळ बोलणं कधी जमलंय! पण माझ्याकडे बघितलं नाही.

४ मे

पहिले तीन दिवस तुडुंब. या धंद्यात पहिल्या तीन दिवसांतच काय ते कळतं, पुढचं सगळं म्हणजे शेपूट. ऑफिसात केक, आरडाओरडा. पाहुणा नव्हता – नाव नाही, बोलावणंही नाही. त्याला फोन केला. म्हणाला, "पाहुण्यानं जेवण झाल्यावर थांबू नये." आणि मनापासून हसला.

बाईंनी दुसऱ्या भागासाठी विचारलं. मी ऐकूनच घेतलं नाही. "दादा दिग्दर्शक असेल तर मी. नाहीतर नाही." एवढं ठाम मी आयुष्यात बोलले नसेन! फेब्रुवारीत बोलायला हवं होतं.

बाई म्हणाल्या, "बघते."

२ जून

दादाच्या मुलाखती. आज रेडिओवर. प्रत्येक ठिकाणी त्या प्रसंगाबद्दल विचारतात आणि गोष्ट दर वेळी थोडी पुढे सरकते. आज म्हणाला, "फक्त हातच दाखवायचे, हे मला बाबांच्या उशाशी बसल्यावर सुचलं." आई ऐकत होती. माझ्याकडे बघितलं, रेडिओ बारीक केला आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

मला राग आलाय का? शोधून बघितलं. नाही बहुतेक. बोलू दे त्याला. त्याचं काय उरलं होतं? निदान परत यायला ही एक वाट तरी झाली. एक दिवस फोन करेल, मी तो विषय काढणार नाही. ठरवून टाकलंय.

२१ जून

वहिनीचा फोन. दादानं दुसरा भाग घेतला! मी ओरडलेच. तिनं ओरडू दिलं. मग म्हणाली, त्यानं एकच अट घातली होती, आणि बाईंनी ती लगेच मान्य केली.

मी. मी नको.

"रागावून नाही गं," वहिनी म्हणाली. "राग केव्हाच गेला त्याचा. पण तू समोर असलीस की त्याला ती गोष्ट सांगता येणार नाही."