दर तीन तासांनी

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी सगळं सांगितलं आणि तू तीनदा 'हं' म्हणालास. तुझं 'हं' मला कळतं, पण त्याच्या पुढचं तू फोनवर कधीच बोलत नाहीस. पत्रात बोलतोस. म्हणून लिहितोय.

मास्तरीण दवाखान्यातच आहे. लग्न झाल्यापासून तू तिला मास्तरीण म्हणतोस, आता वॉर्डातल्या नर्सही म्हणतात, कारण त्या तक्त्यावर काही चुकीचं लिहितात आणि ही पडल्या पडल्या ते सुधारते. उपचार कडक आहेत. निदान चार महिने लहान मूल जवळ नको, एक शिंकसुद्धा महागात पडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि आमची ठकी पाळणाघरातून दर आठवड्याला नवी सर्दी घेऊन येते. माझं काम लिफ्टचं. कुठे कुणी अडकलं की निघायचं, मग घरी कोण आहे नाही ते बघता येत नाही. तेव्हा ठकीला तुमच्याकडे आणून सोडतो. येत्या एकवीस तारखेचं तिकीट काढलंय.

आता खरी अडचण. विमानाचे सात तास, ती पावणेदोन वर्षांची आणि मी एकटा. दादा, तुझ्यापासून काय लपवू, मी आजवर तिचा डायपर एकट्याने बदललेला नाही. मास्तरीण बदलायची आणि मी तो कचऱ्यात टाकून यायचो, एवढाच माझा वाटा. काल ती म्हणाली, मी सांगते, तू लिहून घे. पण तिच्या हाताला सुई, चार शब्दांत धाप लागते. मी म्हटलं, तू पड निवांत, एवढं मला जमेल, वहिनींना विचारून घेईन. ती बरं म्हणाली. तेव्हा वहिनींना विचारून कळव.

वहिनींना नमस्कार. तुमच्या दोघांच्या जिवावर एवढं मोठं काम अंगावर घेतोय, तेवढी माया राहू द्या.

तुझा,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा एवढंच म्हणाली की पावणेदोन वर्षं हा माणूस घरात राहत होता की भाड्याने. मी तुझी बाजू घेतली नाही.

आम्हाला मूल नाही, पण हिने बहिणीची तीन पोरं न्हाऊमाखू घालून मोठी केली आहेत, तेव्हा पुढचं सगळं हिचं ऐकून लिहितो. जुना डायपर सोडायच्या आधी नवा खाली सरकवायचा, म्हणजे मध्येच काही झालं तर जागा खराब होत नाही. मलम लावलेल्या बोटाने चिकटपट्टीला हात लावायचा नाही, नाहीतर ती चिकटत नाही आणि मग तू विमानात सुतळी शोधत फिरशील. पोरीच्या हातात काहीतरी द्यायचं, मोकळा हात नको तिथे जातो. आणि घाई केलीस की तीही घाबरते.

मी सदऱ्याच्या उरलेल्या कापडाच्या चार नाडीच्या पिशव्या शिवून पाठवतोय. एका पिशवीत एका वेळेचं सगळं भरून ठेव, म्हणजे ऐनवेळी हुडकाहुडक नको. तोवर पाच किलो पिठाच्या पिशवीवर सराव कर. ती रडायची नाही. फुटली तर मास्तरणीला कळवू नकोस.

एक नियम मात्र माझा, तो हिचा नव्हे. दर तीन तासांनी बदलायचं, ओलं असो की कोरडं. एवढंसं मूल काही सांगत नसतं, घड्याळ सांगतं. घड्याळाला धरून राहा, चुकणार नाहीस.

मास्तरणीसाठी रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी देवापुढे दोन मिनिटं बसतो. मागत काही नाही. तिचं नाव घेतो आणि उठतो. तिला सांग, तिच्या अक्षराची वाट बघणारा एक थोरला दीर इथे आहे.

जपून या. आमचे आशीर्वाद वाटभर तुमच्यासोबत आहेत, असंच समज.

तुझा,
दादा

दि. १ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडे दोन दिवस होतो, पण प्रवासाचं काही धड बोललो नाही. वहिनींनी ठकीचे कपडे काढले तेव्हा मी अंगणात निघून गेलो, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मांड्यांना केवढं लाल झालं होतं ते मी टॅक्सीतच पाहिलं होतं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

झालं ते असं. विमानात चढायच्या आधी तिचा डायपर बदलला, छान जमलं. दीडएक तासाने ती डावा कान ओढायला लागली. ओढायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा ओढायची. शेजारचे गृहस्थ म्हणाले, उंचीवर पोरांचे कान दुखतात. हवाईसुंदरीही तेच म्हणाली, घोट घोट पाणी पाजा, गिळलं की कान मोकळे होतात. मी पाजत राहिलो. ती प्यायची आणि परत कान धरायची. मग मी तिचा कान तळहाताने शेकला, कापूस घातला, पुढच्या रांगेतल्या बाईंनी लिमलेटची गोळी दिली तीही चाटवली.

तीन तास झाले तसा पहिली पिशवी घेऊन उठलो. तिथला संडास म्हणजे माझ्या लिफ्टच्या पेटीपेक्षा लहान. भिंतीतून एक फळी खाली येते, तिच्यावर ठकीचं डोकं आरशाला आणि पाय दाराला. पण सगळं वहिनींच्या सांगण्याबरहुकूम केलं. डायपर चांगलाच जड लागला. मला वाटलं, पाणी फार झालं. जागेवर आलो आणि थोड्या वेळात पुन्हा कान. पुन्हा पाणी. सहा तास भरले तेव्हा विमान हलायला लागलं, पट्टे सोडायचे नाहीत असं सांगितलं. ते उतरेपर्यंत सोडता आले नाहीत. मग सामानाची रांग, मग टॅक्सी. तोवर ती कान ओढायची थांबली होती. मला वाटलं, बरं वाटतंय.

डाग कमी झाले का ते कळव. मास्तरणीला मी यातलं लाल झाल्याचं सांगितलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. रागावला असाल तरी विसरू नका.

तुझा,
धाकटा

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ठकीची कातडी आता पूर्ववत आहे. हिने खोबरेल लावलं, दुपारभर मोकळं ठेवलं, आठ दिवसांत नवी कातडी आली. तू अंगणात गेलास ते तिने पाहिलं होतं. ती म्हणते, रागावले असते तर तू परत जाताना पोरीला हात लावायला घाबरला असतास, म्हणून गप्प राहिले.

ठकी रमली आहे. मशीनखाली बसते आणि चिंध्या एकात एक घालते. माझ्या पायाची लय थांबली की वर बघते. गिऱ्हाइकं कपडे न्यायला येतात आणि तिच्याशी बोलत बसतात, त्यामुळे माझी कामं रेंगाळतात. घरात एवढा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. सकाळी देवापुढे बसतो तर ती शेजारी येऊन बसते आणि मी डोळे उघडतो का ते बघते.

एक गोष्ट मात्र समजत नाही. तो कान ती अजूनही ओढते, जमिनीवर बसलेली असतानासुद्धा. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बॅटरी लावून पाहिलं. दोन्ही कान स्वच्छ, म्हणाले. खोड असेल. मास्तरणीला एकदा विचार, तिला काही ठाऊक असेल तर.

तिचं कसं आहे ते तू लिहीत नाहीस. चांगलं असेल ते लिही आणि नसेल तेही लिही. आमचं लक्ष सारखं तिकडेच आहे.

तुझा,
दादा

दि. २२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मास्तरणीला विचारलं.

तिला जरा हसवावं म्हणून मी विमानातलं सगळं रंगवून सांगत होतो, गोळी, कापूस, पुढच्या बाई. ती हसली नाही. कुठला कान, असं विचारलं. मी म्हटलं, डावा. मग किती वेळ ओढत होती, असं विचारलं. मी सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. तशीच म्हणाली, ती ओली झाली की डावा कान धरते, अरे.

दादा, आठवलं तेव्हा मला बसवेना. मी समोर पेपर घेऊन बसलेलो असायचो. मास्तरीण ठकीला उचलायची, तिच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची आणि विचारायची, ओली का गं. रोज पाच-सहा वेळा, माझ्या डोळ्यांदेखत. त्यातूनच पोर शिकली. शब्द यायच्या आधी तिने सांगायला सुरुवात केली होती आणि ते घरात एकीलाच कळत होतं.

लिफ्टमध्ये माणूस अडकला की घंटा वाजवतो आणि मी ताटावरून उठून धावतो. बारा वर्षं हेच करतोय. पोरगी माझ्या मांडीवर बसून तासन् तास घंटा वाजवत होती आणि मी तिला पाणी पाजत होतो.

त्या दिवशी संध्याकाळी मास्तरीण म्हणाली, वही आण. तेव्हापासून रोज ठकीचं एकेक सांगते आणि मी लिहितो. दोन ओळी झाल्या की थांबते, मग वाचायला लावते. डोक्यावरून पाणी घालायच्या आधी तोंडावर फुंकर मारायची, म्हणजे ती डोळे मिटते. दूध कोमट झालं की पीत नाही, एकतर गरम नाहीतर गार. कुत्रा दिसला की माझ्या मागे लपते, असं तिने सांगितलं, मी तसंच लिहिलं. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, 'माझ्या' हा शब्द खोड. मी विचारलं, वहिनींच्या लिहू का. ती म्हणाली, तुझ्या लिही.

हे सगळं कशासाठी लिहून घ्यायचं ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नाहीत.

दादा, ठकीला तुम्हीच ठेवून घ्या. चार महिन्यांसाठी नव्हे, कायमची. ज्याला स्वतःच्या पोरीची एक खूण कळली नाही त्याच्याकडे वही देऊन काय होणार. हे फोनवर बोलू नकोस. पत्राने हो म्हण.

वहिनींना नमस्कार. तुमचाच आधार.

तुझा,
धाकटा

दि. २ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मास्तरणीला जाऊन आज सतरा दिवस झाले. मी तिकडे येऊन चार दिवस राहिलो, पण आपण दोघं काय बोललो तर तिच्या शाळेला द्यायचे कागद आणि गळका नळ. तू माझ्या पत्राची वाट बघतोयस हे मला तेव्हाही दिसत होतं. मी उत्तर दिलं नव्हतं. आज देतो, पण आधी माझं ऐक.

ठेवून घ्या, असं तू लिहिलंस ते पत्र मी मशीनच्या खणात घालून ठेवलं. तुझ्या वहिनीला दाखवलं नाही. दाखवलं तर ती नाही म्हणेल हे मला ठाऊक होतं. तिला फक्त कानाचं सांगितलं. त्या दिवसापासून ठकीने कान धरला की ही हातातलं टाकून उठते. इकडे मी मात्र रोज देवापुढे बसून मास्तरणीचं नाव घेत होतो आणि खणात ते पत्र होतं. एके सकाळी माझ्या लक्षात आलं की मला आनंद झालाय. ती तिकडे जात होती आणि मला इकडे बरं वाटत होतं. त्यानंतर कित्येक दिवस मी देवापुढे बसलोच नाही. काय तोंडाने बसणार.

मूल सांगत नसतं, घड्याळ सांगतं, असं कळवणारा मीच. पावणेदोन वर्षं तू पाहिलं नाहीस, पण तीन तासांचा नियम माझा होता. तेव्हा निम्मा दोष माझ्याकडे दे.

गेल्या आठवड्यात पत्र हिच्यासमोर ठेवलं. तिने वाचलं आणि मला एकच विचारलं, मास्तरणीने खोडून कुणाच्या मागे लिहायला लावलं. मग ती ठकीचे कपडे घड्या घालून एका बाजूला ठेवायला लागली. रडत होती, पण घड्या नीट घालत होती.

तेव्हा उत्तर नाही असं आहे. येऊन घेऊन जा. पाळणाघराची वेळ आणि तुझं काम यांचं बघावं लागेल, तर पहिले दोन महिने तुझी वहिनी तुझ्याकडे येऊन राहील. मी दुकान आवरून तिच्या मागोमाग पंधरा दिवसांनी येतो. पण विमानातून पोरीला तूच एकट्याने न्यायचं, वहिनी बरोबर नसेल. असं तिचं म्हणणं आहे आणि ती ऐकणार नाही.

मी आठ पिशव्या शिवून ठेवल्या आहेत. सात तासांना आठ. तीन तासांचा नियम रद्द.

देव तुला बळ देवो. माझ्यावरचा लोभ हे वाचूनही टिकला तर टिकव.

तुझा,
दादा

दि. २० मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोचलो. फोन केला तेव्हा एवढंच सांगितलं, उरलेलं लिहितो.

विमानात तिने पाच वेळा कान धरला आणि मी पाचही वेळा उठलो. एकदा पट्टे बांधायची सूचना होती, तर तिथेच मांडीवर, पांघरुणाखाली बदललं. शेजारचा माणूस खिडकीकडे वळून बसला. मलमाचं बोट चिकटपट्टीला लागलं नाही. वहिनींना सांग, उतरल्यावर मी पाहिलं, कुठेही लाल नव्हतं. ठकी शेवटचा तासभर माझ्या अंगावर झोपली आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की हे जमेल.

घराचं कुलूप काढलं. ती हात सोडवून तडक आतल्या खोलीत गेली. मास्तरणीच्या पलंगापाशी उभी राहिली आणि तिने डावा कान धरला. मी पिशवी घेऊन मागे धावलो. उघडून पाहिलं तर कोरडं होतं. पुन्हा बंद केलं. ती उठली, परत पलंगापाशी गेली, परत कान धरला. परत पाहिलं. कोरडं. तिसऱ्यांदा तिने कान धरला तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. पलंगाकडे बघत होती, आणि वाट बघत होती.

कान धरला की आई येते, एवढंच तिला ठाऊक होतं.

वही सगळी चाळली. त्यात याचं काही नाही. मग मी उरलेल्या तीन पिशव्यांतली एक सोडली, ठकीला पलंगावर निजवलं, तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि विचारलं, ओली का गं. माझा आवाज ऐकून तिने मान वळवली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी तो कोरडा डायपर काढला आणि दुसरा घातला. तिने घालू दिला.

वहिनी शनिवारी येतायत, मी विमानतळावर घ्यायला जाईन. तू येताना आणखी पिशव्या शिवून आण. आणि सकाळी देवापुढे बसायला लाग. आता ठकीचंही नाव घे.

आमच्या दोघांवरची माया आहे तशीच असू दे.

तुझा,
धाकटा