दुखत नाही म्हणजे बसला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणी भरीला न घालता लिहीत आहे. बुद्धी आणि स्मरण शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरण थोडं कमी शाबूत असतं तर बरं झालं असतं, पण दाखला तो दाखला.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. मागच्या दाराची कडी उचलून लावावी लागते, हे जावयाला तिसऱ्यांदा सांगतो आहे. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही मुलीकडेच. ती माझ्यासारखी भिडस्त नाही.

२. चामड्याच्या सुया आणि आरी माझ्या चांभार मित्राला परत. चामडं त्यानेच मला शिकवलं. बाकी सगळं मी जुने पाय खोलून, पुन्हा जोडून शिकलो. माझी छत्री त्याने ढापली आहे. ती त्याच्याकडेच राहू द्यावी.

३. कारखाना, भट्टी, कानशी, करवती पुतण्याला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणतो. पण अट आहे. त्याने आमच्या धंद्याची नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेचा पूर्ण अभ्यासक्रम करून स्वतःच्या नावाने नोंदणी मिळवावी. तोवर दुसऱ्या नोंदणीकृत माणसाच्या हाताखाली काम करावं, माझ्या नावाची पाटी लावू नये. अट मोडली तर सगळं सामान हा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संस्थेला जावं.

यावर तो म्हणाला, “काका, एक्केचाळिसाव्या वर्षी पोराटोरांबरोबर बाकावर बसू? तुम्ही कुठे शिकला होतात?”

तेच तर सांगायचं आहे.

४. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. माझी तेव्हा एकच परीक्षा असे. पाय चढवायचा, दांड्या धरून दहा पावलं चालवायचं आणि विचारायचं, “दुखतंय का?” समोरचा नाही म्हणाला की पाय बसला. बाई म्हणाल्या, “अजिबात नाही. कापसात ठेवल्यासारखं वाटतंय.” मी खूश. साखरेने त्यांच्या पायाची जाणीवच मेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. शिकलेल्या माणसाने पाय उतरवून कातडीवर लाल डाग शोधला असता. मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

सहा आठवड्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला. जखम हाडापर्यंत गेली होती. मग गुडघा गेला, आणि वर्षभरात बाई गेल्या. गुडघा गेल्यावर मी केलेला पाय परत देताना त्याच माझी समजूत घालत होत्या, “दुखलंच नाही हो. नाहीतर सांगितलं नसतं का?”

५. तो पाय दाराजवळ खिळ्याला आहे. दुपारी काम थांबलं की टाच भिंतीवर टेकल्याचा आवाज येतो. पुतण्याला येत नाही. मी पाय कपाटात ठेवला, तरी आवाज आपला दाराजवळच. कानाच्या डॉक्टरांनी कान साफ करून दिले, तेव्हापासून आवाजही साफ येतो. शेवटी पाय परत खिळ्याला लावला. निदान आवाजाला पाय तरी असावा. माझ्यामागे तो संस्थेला द्यावा. पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने त्याच्या खोबणीत हात घालून, जखम करणारा डावीकडचा उंचवटा चाचपावा. आत बाईंनी रफू केलेला मोजा आहे, तो काढू नये.

६. पात्रतेचा कायदा आला तेव्हा त्याच्याविरुद्ध भाषण ठोकणारा मीच. “पाय कागदावर चालत नाहीत,” म्हणालो, टाळ्या पडल्या. पुढे जुन्या माणसांना अनुभवावर सूट मिळाली. अर्जात एक रकाना होता : आपल्या कामामुळे रुग्णास इजा झाल्याची घटना. मी लिहिलं, “निरंक.” त्या एका शब्दावर माझी नोंदणी उभी आहे. हात थरथरू लागल्यापासून पुतण्या तिच्याच आडोशाने माणसं तपासतो. गेल्या महिन्यात मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून त्याचा आवाज आला, “आजोबा, दुखतंय का? नाही ना? मग बसला.”

त्याच दिवशी मी हा कागद काढला. परिषदेला खरं काय ते सांगणारं पत्र यासोबत आहे. माझ्या मृत्यूनंतर ते पाठवावं.

७. वरचं शेवटचं वाक्य खोडलं आहे. साक्षीला बाईंच्या मुलाला बोलावलं होतं. त्याने उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि “निरंक” वर बोट ठेवून थांबला.

“काका, आईबद्दल हे लिहिलंत?”

“हो.”

“मग मेल्यावर कशाला? मेल्यावर कोणीही खरं बोलतो.”

पत्र आम्ही दोघांनी आत्ताच टपालात टाकलं. आता नोंदणी राहणार नाही. पुतण्याने स्टूल आणून पाटी उतरवली. मला वाटलं होतं, आता तरी आवाज थांबेल. थांबला नाही. फक्त या वेळी पुतण्यानेही मान वळवून दाराकडे पाहिलं.

हे सर्व वाचून, समजून सही करतो. खाडाखोड माझीच.

स्थळ : कारखान्याची बाहेरची खोली
दिनांक : ११ मार्च, दुपारी

सही : मृत्युपत्र करणार
साक्षीदार १ : बाईंचा मुलगा, घड्याळं दुरुस्त करणारा
साक्षीदार २ : समोरच्या दवाखान्यातील परिचारिका